काम दाखवून मिळेल

डोमाजी कापगत्यांच्या घरात कोणालाही भूक लागत नसे. तहानही लागत नसे. दुपारी कोणाचा डोळा लागत नसे, पावसाळ्यात झड लागत नसे आणि दहावीचा निकालसुद्धा त्या घरात लागत नसे, तो 'निघत' असे. भूक 'येई', तहान 'होई', डोळा नुसता 'मिटे'. 'लागणे' हे क्रियापद कापगत्यांनी घरातून हद्दपार केलं होतं, आणि ज्याला त्यांच्या ओसरीवर बसायचं असेल त्याने ते चपलांबरोबर बाहेर काढून यायचं असा नियम होता.

चुकून कोणी बोललंच तर ते चौकातल्या पोलिसासारखा तळवा पुढे धरत आणि म्हणत, "दुसरा शब्द आन." समोरचा दुसरा शब्द आणेपर्यंत पुढचं बोलणं बंद. मी गणिताचा मास्तर, भाषेत आधीच कच्चा. सुरुवातीला त्यांच्याशी चार वाक्यं बोलायची म्हटलं तरी मला घाम फुटायचा, कारण मराठी माणसाचं त्या एका शब्दावाचून पदोपदी अडतं. एकदा मागच्या वाडीत धानाच्या तणसाच्या ढिगाने पेट घेतला. ओसरीवर बसलेला एक म्हातारा ओरडायला उठला, "आग ला..." एवढं म्हणाला, कापगत्यांकडे पाहिलं आणि "आग आली, आग आली" करत पळाला. आता आग काय पाहुणी आहे? लोकांना कळेकळेपर्यंत अर्धा ढीग गेला. कापगत्यांना त्याचं काही वाटलं नाही. लवकर कळून तरी कोणतं पाणी होतं विहिरीत, असं म्हणाले.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा मी वर्ध्याहून इथल्या एका शाळेत आलो आणि शहराच्या टोकाला, मुर्रीत, खोली घेतली. शेजारचं घर कापगत्यांचं. माझा घरमालक हिंदी बोलणारा. सामान उतरवतानाच त्याने शेजाऱ्यांची ओळख करून दिली, "थोड़े सरके हुए हैं मास्टरजी, बाकी आदमी हीरा है." कुठून किती सरकले आहेत ते मला त्यांच्या फाटकावरच्या पत्र्याच्या पाटीवरून कळलं. आपल्याकडे 'पिको-फॉल करून मिळेल' किंवा 'छत्री दुरुस्त करून मिळेल' अशा पाट्या असतात. यांच्या पाटीवर होतं: 'इथे काम दाखवून मिळेल.' आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'नोकरी मिळणार नाही.'

धंदा म्हणावा तर ते एक पैसा घेत नसत. पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजण्यात त्यांची उमर गेली होती आणि आता पेन्शन होती. जात कोहळी, मूळ गाव केशोरी. घराण्यात पिढ्यान् पिढ्या तलाव बांधण्याचं काम. "आमच्या बापजाद्यायनं तलाव खोदले," ते सांगायचे, "अन् मी सरकारात शिरलो तं दुसऱ्यायचं पानी मोजत बसलो." हे सांगताना ते हसत, पण ऐकणाऱ्याने हसलेलं त्यांना चालत नसे.

काम दाखवायची त्यांची रीत अशी. बारावी झालेला, बी.ए. झालेला, नापास झालेला, कोणीही येऊन ओसरीवर बसायचा. त्याला काय व्हायचं आहे ते तो सांगायचा. कापगते ऐकून घेत. मग म्हणत, "पोरगी पाह्याले जातेत तं तोंड पाह्यतेत. बैल घ्याले जातेत तं खांदा पाह्यतेत, जू कुठं घासलं ते. तू काम घ्याले जाऊन राहिला ना? मंग त्याचा खांदा पाह्य." आणि मग खरोखरच त्याला सायकलवर डबलसीट घेऊन त्या कामाचा खांदा दाखवायला नेत.

म्हणजे बँकेत बसायची हौस असेल त्याला ते पेन्शनच्या दिवशी बँकेत नेऊन उभं करत, सकाळपासून. नर्स व्हायचं असेल त्या मुलीला वॉर्डातल्या बाया पेशंटचं अंथरूण बदलतात त्या वेळेला नेत. एक मुलगी तिथेच ओकली. तिचा बाप भांडायला आला, तर हे खुशीत. "आत्ताच ओकली, बरं झालं. तीन वर्षं शिकून ओकली असती तं?" राइस मिल काढायचं स्वप्न असलेल्या एका शेटजींच्या पुतण्याला त्यांनी कोंड्याच्या खोलीत बसवून ठेवलं. तो बाहेर आला तेव्हा भुवयांसकट पांढरा झाला होता आणि खोकता खोकता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

ज्याला मास्तर व्हायचं असे त्याला ते माझ्याकडे आणत. शनिवारचा शेवटचा तास, नववी ब. मुलगा मागच्या बाकावर बसे आणि कापगते त्याच्या शेजारी. मी फळ्यावर समीकरण सोडवत असे आणि माझ्या पाठीमागे वर्गात जे काही चाले त्याचा खांदा तो मुलगा पाहत असे. एकाने तास संपल्यावर माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मला ते अजून विसरता येत नाही. आता तो रेल्वे स्टेशनसमोर पानठेला चालवतो आणि मी गेलो की न मागता दुप्पट कात लावून पान देतो.

यात गंमत होती, पण सगळी गंमत नव्हती. खांदा पाहूनही जो म्हणे की मला हेच करायचं आहे, त्याच्यासाठी कापगते जिवाचं रान करत. कुठे शिकायचं, कोणाच्या हाताखाली उमेदवारी करायची, अर्ज कसा लिहायचा, सगळं. फक्त ते मूल कामावर रुजू झालं की कापगते त्याच्या घराकडे फिरकत नसत. आईबाप पेढे घेऊन येत तर हे मागच्या दाराने निघून जात. मला वाटायचं, हाही विक्षिप्तपणाच असेल.

आणि एक काम ते दाखवत नसत. भरती. शिपायाची म्हणा, जवानाची म्हणा, जिथे मैदानावर धावून दाखवावं लागतं ते कोणतंही. खरं म्हणजे आमच्याकडच्या पोरांना दुसरं काही नकोच असायचं. पहाटे मुर्रीच्या रस्त्याने पोरांचे जथेच्या जथे धावत जात, त्यांच्या पायांच्या आवाजाने मला जाग येई. कापगते त्या वेळी ओसरीवर रस्त्याकडे पाठ करून बसत. कोणी भरतीचं विचारायला आलाच तर म्हणत, "ते माझ्याकडं नाई भेटत. पुढं जा." पण फाटकाशी एक माठ असे, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि तो रोज पहाटे भरलेला असे. धावणारी पोरं तिथे थांबत, घटाघट पाणी पीत आणि पुढे पळत. पाठमोऱ्या कापगत्यांना माठावर पेला वाजल्याचा आवाज आला की ते मान थोडी वळवत. पाहत मात्र नसत.

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी रीतसर पेढ्यांचा डबा घेऊन गल्लीत निघालो. पहिल्याच घरच्या म्हातारीने मला उंबऱ्यावर अडवलं. डब्याकडे पाहून तिने हात मागे घेतला आणि हळू आवाजात सांगितलं, "सर, या गल्लीत पेढे नाई वाटत. जिलेबी आना." मला वाटलं, काही देवाधर्माचं असेल. मी जिलेबी आणली. कापगत्यांकडे दिली तेव्हा कौसल्याकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, एकट्याच होत्या. पेढ्यांचं काय प्रकरण आहे, असं मी त्यांना हसत विचारलं. त्यांनी आधी दाराकडे पाहून घेतलं. मग बसा म्हणाल्या.

त्यांना एक मुलगा होता, मनोज. जिल्हा नवा झाला त्या वर्षीची गोष्ट. कलेक्टर येणार, कचेऱ्या येणार, जागा निघणार, आता आपली पोरं नोकरीला लागणार, हेच बोलणं घरोघरी. रस्त्यात माणूस भेटला की रामराम नंतर, आधी "पोरगा लागला काय?" आणि हे सगळ्यांत मोठ्याने विचारणारा माणूस म्हणजे स्वतः डोमाजी कापगते. ज्याचा पोरगा लागला नाही त्याला ते लाज वाटेल इतक्यांदा विचारत. मनोजला केशोरीच्या तलावात मासोळीचं बीज सोडायचं होतं. कोणाकडून तरी तो ते शिकूनही आला होता. बाप म्हणायचा, मासोळी कुठं पळून जात नाही, आधी लाग. पोरगा गरीब स्वभावाचा, तो लागायला निघाला. भर मे महिन्यात, दूरच्या गावी, शिपायाच्या भरतीला. गल्लीतलं दुसरं एक पोरगंही बरोबर होतं.

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. गल्लीच्या तोंडाशी एक एसटीडी बूथ होता. दुपारी बूथवाल्याने हाक मारली, तुमच्या पोराच्या सोबत्याचा फोन आहे. कापगते धावले. लाइनमध्ये खरखर, मागे कोणीतरी ओरडतंय, आणि त्यात त्या पोराचा आवाज. त्यांना एवढंच ऐकू आलं: "मनोज... लागला जी." त्यांनी विचारलं, कुठं? तो म्हणाला, ग्राउंडवर. मग लाइन गेली.

"तो पोरगा म्हनून राहिला होता, मनोजले लागलं," काकू म्हणाल्या. "ऊन लागलं."

कापगत्यांनी बाजारातून पेढे आणले. गल्लीतलं एक घर सोडलं नाही. बूथवाल्याला दिले, रस्त्यातल्या सायकलवाल्यांना थांबवून दिले. लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. दुसरा फोन संध्याकाळी आला तेव्हा डब्यात शेवटचे दोन-तीन उरले होते आणि डबा त्यांच्या हातातच होता. तोवर मनोज गेला होता. सकाळी त्याला आणलं. ज्यांनी आदल्या दिवशी पेढे खाल्ले होते त्यांनीच तिरडी बांधली.

"मी पन खाल्ला जी पेढा," काकू म्हणाल्या. "पोरगा तिकडं तडफडून राहिला होता, अन् मले गोड लागला."

त्या रडल्या नाहीत. मला जिलेबी परत घ्यायला लावली, बाळंतिणीला तेलकट देऊ नका म्हणाल्या आणि आत गेल्या. मी घरी आलो आणि बायकोला सांगताना माझ्या तोंडून तो शब्द निघेना.

काकूंनी मला सांगितलं हे कापगत्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ते माझ्याकडे न पाहता सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "सर, मी त्याले नौकरी दाखवली. काम दाखवलंच नाई." त्यांच्या पाटीवरची दुसरी ओळ एवढ्या मोठ्या अक्षरांत कशाला लिहिली आहे ते मला त्या दिवशी समजलं.

पुढे बरीच वर्षं अशीच गेली. बूथ बंद पडला, हाताहातात मोबाइल आले. रस्त्याने धावणाऱ्या पोरांत आता मुलीही दिसू लागल्या. त्यातली एक सुजाता मेश्राम. बाप राइस मिलमध्ये हमाल, आई दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाणारी. मुलगी काळीसावळी, काटक, कमी बोलणारी. रोज माठावर पाणी पिऊन पेला पालथा ठेवणारी तीच एकटी. बारावी झाल्यावर ती एक दिवस धावता धावता थांबली ती फाटक उघडून आतच आली.

बापाने बालाघाटकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. पोरगी यंदा कुठे चिकटली तर ठीक, नाही तर लग्न. तिने हे सांगून टाकलं आणि म्हणाली, "काहीबी चालते काकाजी, फक्त लागली पाह्यजे." तळवा पुढे आला. तिला दुसरा शब्द सापडेना. मग म्हणाली, "मले माझ्या पायावर उभं राह्याचं हाय." कापगत्यांनी तळवा खाली घेतला.

त्यांनी तिला अंगणवाडी दाखवली, दवाखाना दाखवला, कपड्याच्या दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या मुली दाखवल्या, संगणकावर सातबारा टाइप करणारी एक बाई दाखवली. दर वेळी ती नीट पाहायची आणि परत येताना म्हणायची, "खांदा पाह्यला काकाजी. दुसरं दाखवा." कंटाळून त्यांनीच विचारलं, तुझ्या मनात आहे तरी काय? ती म्हणाली, जंगल. तिला वनरक्षक व्हायचं होतं.

जंगल दाखवायला त्यांची ना नव्हती. चिचगडच्या बाजूला त्यांच्या ओळखीचा एक वनरक्षक होता. उन्हाळ्यात, वणव्याच्या दिवसांत, मुद्दाम तिला तिथे घेऊन गेले. त्या माणसाने आपले भाजलेले पाय दाखवले. अस्वलाने ओरबाडलेला सोबत्याचा हात दाखवला. लाकूडचोर अंधारात नाव घेऊन धमकी देतात ते सांगितलं. एकट्याने दिवस दिवस काढावे लागतात, पगार वेळेवर होत नाही, घरचे विसरतात, सगळं सांगितलं. परत येताना कापगते वाट पाहत होते की ही आता म्हणेल दुसरं दाखवा. ती एसटीच्या खिडकीतून मागे पडणारी झाडं पाहत राहिली आणि गोंदिया आल्यावर म्हणाली, "हेच."

मी त्या संध्याकाळी ओसरीवर होतो. कापगते तिला समजावत होते की त्या कामाची वाट भरतीच्या मैदानावरून जाते, आणि मैदान मी दाखवत नाही. धावणं असतं, मग ते संपलं की मैलोन् मैल चालणं असतं, आणि उन्हाळा आहे.

सुजाता म्हणाली, "काम पाह्यलं काकाजी. आता दरवाजा बी पाहा लागते ना."

मी दचकून कापगत्यांकडे पाहिलं. तळवा वर आला नाही. ते मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, "तिथं ऊन असते."

"ऊन तं रोवणीतबी असते," ती म्हणाली. "माय रोजच जाते."

ती गेल्यावर ते आत काकूंना म्हणाले, "घरात कांदे किती हाय?"

भरतीच्या दिवसाचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. सुजाताचं नाव त्या वर्षीच्या यादीत आलं नाही. कापगत्यांनी तिच्या बापाला बालाघाटला नेऊन त्या स्थळाचाच खांदा दाखवून आणला, तेव्हा बाप आणखी एका भरतीपुरता थांबला. त्या पुढच्या खेपेला ती घेतली गेली, पण तेव्हा कापगते नव्हते. हा मजकूर मात्र त्या पहिल्या दिवसाचा आहे.

ते तिला घेऊन आदल्या दिवशीच पॅसेंजरने निघाले. तिचा बाप मिलमधून सुटी मिळेना म्हणून गेला नाही, आणि खरं सांगायचं तर मिळाली असती तरी गेला नसता. कापगत्यांच्या एका हातात छत्री आणि मांडीवर माठ. बाटल्या मिळतात हो काका, असं डब्यातल्या पोरांनी सांगून पाहिलं. बाटलीतलं पाणी तापतं, एवढंच उत्तर. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत कांदे, पिशवीत कांदे, सुजाताच्या ओढणीच्या टोकाला कांदा. खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मैदानावर त्यांनी ओळख नसलेल्या मुलींच्या हातातही कांदे दिले. मुली हसल्या आणि नंतर त्यांनी ते मुकाट ओढणीला बांधून घेतले. फाटकावरच्या माणसाने अडवून विचारलं, तुम्ही कोण, पोरीचे वडील का? हे म्हणाले, "पानीवाला." हे सगळं सुजाताने मला नंतर सांगितलं. चालण्याची परीक्षा सुरू झाली तेव्हा ते रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली माठ घेऊन बसले होते आणि वळणावरून येणाऱ्या एकेका मुलीला नाव न विचारता पेला देत होते. तिचीच तेवढी वाट पाहत होते असं तिला वाटलं नाही. तिने पेला पालथा ठेवला तेव्हा मात्र त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

इकडे आम्ही माझ्या घरात बसलो होतो. फोन माझ्या मोबाइलवर यायचा होता. कापगत्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल हातात घेतला होता, तोही माझ्या बायकोचा, आणि हिरवं बटण कोणतं ते निघताना तीनदा विचारलं होतं. सुजाताची आई सकाळपासून येऊन भिंतीशी बसली होती. काकू तिच्या शेजारी. ऊन चढत गेलं. माझ्या बायकोने पंखा मोठा केला, चहा केला, कोणी घेतला नाही. खिडकीतून आत येणारी झळ काकू हाताने बाजूला सारत होत्या, धूर सारावा तशी. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. देवाधर्मातलं मला फारसं काही कळत नाही, पण त्या दिवशी मी फोनला हात जोडायचे बाकी ठेवले होते.

दुपार कलायला लागली आणि फोन वाजला. मागे गलका, वाऱ्याचा आवाज, मधूनच तुटणारा शब्द. मी ओरडलो, बोला कापगतेजी. त्यांनी काहीतरी सांगितलं. तुटक तुटक मला ऐकू आलं ते असं: "सुजाता... लागली नाई."

मी फोन कानाला धरूनच सुजाताच्या आईला म्हणालो, "नाही लागली."

त्या बाईने पदर तोंडावर घेतला. माझ्या बायकोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण कौसल्याकाकू उठल्या. या बाईने कधी माझ्या घरातल्या भांड्यालासुद्धा विचारल्याशिवाय हात लावला नव्हता. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"नीट बोला," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "लागली नाई का लागलं नाई?"

पलीकडून कापगते ओरडून बोलले, इतक्या मोठ्याने की खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"लागलं नाई. पोरीले ऊन लागलं नाई. उभी हाय माझ्यासमोर. पानी पिऊन राहिली."

त्या घरात मी सात-आठ वर्षं येत-जात होतो. तो शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. काकूंनी भिंतीला हात टेकला. सुजाताच्या आईने पदर खाली घेतला आणि आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. काकूंनी विचारलं, "मंग लागली काय?"

"ते मले नाई मालूम," कापगते म्हणाले. "ते मी विचारलंच नाई."

फोन तुटला. पलीकडे त्यांनी बहुतेक हिरव्याऐवजी लाल बटण दाबलं असावं. काकूंनी मोबाइल पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सर, पेढे आना."

मी म्हणालो, "काकू, निकाल अजून..." आणि सवयीने अडखळलो. "निकाल अजून निघायचाय."

"निघन तवा निघन. तुम्ही पेढे आना. गल्लीत एक घर सोडू नका."

मी पेढे आणले. डबा घेऊन निघालो ते पहिल्या घरच्या त्याच म्हातारीपाशी. एव्हाना ती बरीच वाकली होती. डब्याकडे पाहून तिचा हात पुन्हा मागे गेला. मग ती माझ्या मागे, काकू उभ्या होत्या तिकडे, पाहत राहिली. काकूंनी मान हलवली.

"कोन लागलं जी?" म्हातारीने विचारलं.

"कोणी नाही आजी," मी म्हणालो. "कोणालाच लागलं नाही."

तिने पेढा उचलला आणि उंबऱ्यावर उभ्या उभ्याच खाल्ला.